रेड ॲरे बंद पडल्यावर डेटा परत मिळवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेड ॲरे म्हणजे एकत्र जोडून एकाच साठ्यासारख्या वापरलेल्या अनेक डिस्क. हे पान उघडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या समोर आत्ता एक बंद पडलेला सर्व्हर किंवा नॅस (नेटवर्कवरून फायली देणारा डिस्कचा डबा) असणार. म्हणून सगळ्यात घाईचा प्रश्न पहिला घेतला आहे. तो वाचून तेवढं करा आणि मग बाकीचं सावकाश वाचा. माझं रोजचं काम हेच आहे आणि इतक्या वर्षांत एकच गोष्ट पुनःपुन्हा दिसते: डिस्क बिघडल्यामुळे जेवढा डेटा जातो, त्याहून कितीतरी जास्त त्यानंतरच्या तासाभरात घाबरून केलेल्या उपायांमुळे जातो.

ॲरे आत्ताच बंद पडला आहे. आधी काय करू?

त्या डिस्कवर एकही नवीन बिट लिहिला जाणार नाही, एवढं बघा. म्हणजे रीबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा नव्याने भरून काढणं) दाबायचा नाही, इनिशिअलाइझ करायचं नाही, ॲरे नव्याने तयार करायचा नाही. विंडोजने चेकडिस्क चालवू का विचारलं तर नको म्हणायचं आणि लिनक्सवर एफएससीके (fsck) चालवायचं नाही. फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी ही साधनं निरोगी डिस्कसाठी बनवली आहेत. खालचा ॲरे चुकीचा जुळला असेल, तर त्यांना सगळाच डेटा चुकीचा दिसतो आणि ती इमानेइतबारे तो 'दुरुस्त' करत सुटतात.

ॲरे पूर्ण बंद असेल तर मशीन नीट शटडाउन करा. मात्र ॲरे अजून चालू आहे, फक्त एक डिस्क गेल्याचं दाखवतो आहे आणि फायली उघडत आहेत, असं असेल तर रीस्टार्ट करू नका. सगळ्यात महत्त्वाच्या फायली आधी दुसरीकडे कॉपी करून घ्या. पूर्ण ॲरे कॉपी करायच्या मागे लागू नका. हिशेबाचा डेटाबेस, चालू कामाचे फोल्डर, जे पुन्हा तयार करता येणार नाही ते पहिलं. डिस्क एनक्रिप्टेड असून सध्या कुलूप उघडं असेल, तर हे आणखीच लागू.

डिस्क बाहेर काढण्याआधी मोबाइलने फोटो काढा: स्क्रीनवरचा संदेश, प्रत्येक कप्प्याचा क्रमांक, कुठला दिवा कुठल्या रंगाचा. मग प्रत्येक डिस्कवर कप्प्याचा क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी लावा आणि तिचा सीरियल क्रमांक कागदावर उतरवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण नंतरचे दोन दिवस वाचतात.

रेडमध्ये डेटा नेमका कसा ठेवलेला असतो?

पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनी १९८८ मध्ये मांडलेली कल्पना अशी: एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जुंपायच्या आणि त्यातली एखादी गेली तरी काम चालू राहील इतका जादा हिशेब सोबत ठेवायचा. डेटाचे ठरावीक मापाचे तुकडे, म्हणजे चंक, पाडले जातात आणि पत्ते वाटावेत तसे ते डिस्कवर वाटले जातात. रेड ५ मध्ये प्रत्येक फेरीत एका डिस्कवर डेटाऐवजी पॅरिटी, म्हणजे तो जादा हिशेब, जाते. ती डिस्क दर फेरीला बदलते.

पॅरिटीचं गणित सोपं आहे. दोन बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. एका डिस्कवर १०११ आहे, दुसरीवर ०११०, तर पॅरिटी ११०१. आता पहिली डिस्क गेली असं धरा. उरलेले ०११० आणि ११०१ याच नियमाने जुळवले की १०११ परत येतात. याला एक्सओआर म्हणतात. पुढच्या बहुतेक उत्तरांमागे हेच गणित आहे, म्हणून ते एकदा हाताने करून बघा.

कुठल्या प्रकारात किती डिस्क गेल्या तरी चालतं?

रेड ० मध्ये एकही नाही, कारण तिथे जादा हिशेबच नसतो. रेड १ मध्ये प्रत्येक डिस्कवर तोच डेटा असतो, म्हणून शेवटची प्रत शाबूत असेपर्यंत. रेड ५ मध्ये एक आणि रेड ६ मध्ये दोन, कारण तिथे दुसरी वेगळ्या गणिताची पॅरिटीही असते. रेड १० मध्ये डिस्कच्या जोड्या असतात आणि जोडीतल्या दोघींवर तोच डेटा असतो. प्रत्येक जोडीतली एक गेली तरी चालतं, पण एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर संपलं. यात 'गेली' या शब्दाचा अर्थ फार ताणला जातो. त्याबद्दल खाली.

एक डिस्क गेली तर चालतं म्हणतात. मग माझा रेड ५ कसा कोसळला?

बहुतेक वेळा पहिली डिस्क आज गेलेली नसतेच. ती काही आठवड्यांपूर्वी, कधी काही महिन्यांपूर्वी बाहेर पडलेली असते. इशाऱ्याचे मेल कुणी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात असतात, सर्व्हर बंद खोलीत असतो, बझर कुणीतरी आवाजाला कंटाळून बंद केलेला असतो. ॲरे चालतो आहे म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मग दुसरी डिस्क अडखळते, आणि 'अचानक दोन डिस्क गेल्या' असं वाटतं.

दुसरं कारण रीबिल्ड. नवीन डिस्क घातली की उरलेली प्रत्येक डिस्क पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरची सगळ्यात छोटी जागा) शेवटच्यापर्यंत वाचावी लागते. १२ टेराबाइटची डिस्क २०० मेगाबाइट प्रतिसेकंद या वेगाने वाचायलाच जवळपास १७ तास लागतात. सर्व्हरवर काम चालू असेल तर दोन-तीन दिवसही लागतात. एरवी वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फायलींच्या जागी बिघडलेले सेक्टर दडून बसलेले असतात आणि ते याच वेळी उघडे पडतात. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १०० लाख कोटी बिट वाचताना जास्तीत जास्त एक न वाचता येणारा सेक्टर, असं लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजे साडेबारा टेराबाइट. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा चांगल्या वागतात, पण एका रीबिल्डमध्ये आपण आता या मापाच्या आसपास सहज पोहोचतो, हे लक्षात ठेवावं. त्यात सगळ्या डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच बॅचच्या, एकाच डब्यात सारख्याच तापलेल्या असतात. एक थकली तर बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत.

तिसरं कारण फार कमी लोकांना माहीत असतं. घरगुती संगणकासाठी बनवलेली डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त वेळ प्रयत्न करत राहते. लिनक्स मात्र मुळात ३० सेकंदच वाट बघतो, मग डिस्क रीसेट करतो आणि शेवटी तिला बाद ठरवतो. म्हणजे एका सेक्टरपायी धडधाकट डिस्क ॲरेबाहेर. नॅससाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून 'हा सेक्टर नाही वाचता येत' असं कळवतात, मग पॅरिटीवरून तो भरून काढला जातो. तुमच्या 'गेलेल्या' डिस्कांपैकी एखादी अशी फक्त गैरसमजातून बाहेर पडलेली असू शकते.

रेड ५ मधल्या दोन डिस्क गेल्या. आता सगळं संपलं का?

नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा ॲरेंबद्दल मी सुरुवातीला कधीच निराश नसतो. कंट्रोलरने, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाने, 'फेल्ड' म्हटलं म्हणजे त्याने डिस्कवर विश्वास ठेवणं थांबवलं, एवढाच त्याचा अर्थ. त्या डिस्कवरचे ९९ टक्क्यांहून जास्त सेक्टर व्यवस्थित वाचता येतात, असं वारंवार दिसतं. दोन डिस्कवरचे खराब सेक्टर एकाच फेरीत आले तरच तेवढा तुकडा खरोखर हरवतो. पहिलीवर एका जागी ओरखडा आणि दुसरीवर भलतीकडे, तर पॅरिटीने दोन्ही भरून निघतात.

अट एकच. प्रत्येक डिस्कची आधी पूर्ण प्रत निघायला हवी, आणि पुढचं सगळं काम त्या प्रतींवर व्हायला हवं.

प्रत कशी काढायची?

साध्या कॉपीने नाही. साधी कॉपी खराब सेक्टरवर अडकते किंवा थांबते. जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन यासाठीच आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग भरभर उचलतं, अवघड जागा बाजूला ठेवतं आणि शेवटी त्या जागांकडे परत येतं. कुठे काय झालं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू होतं. मॅप फाइल न देता ते चालवू नका. ती नोंद पुढेही लागते: प्रतीतले कुठले सेक्टर पोकळ आहेत हे तिच्यामुळेच कळतं.

मूळ डिस्क आणि प्रतीची डिस्क यांची नावं तीनदा तपासा, सीरियल क्रमांकावरून. उलटी कॉपी झालेली प्रकरणं मी पाहिली आहेत. तिथे परत मिळवण्यासारखं काहीच उरत नाही.

वेळ किती लागेल? निरोगी ८ टेराबाइट डिस्कला साधारण पंधरा तास, आजारी डिस्कला कितीही. वेग अचानक किलोबाइटवर आला किंवा डिस्क मध्येच नाहीशी होऊ लागली, तर थांबा. त्यापुढे ताणलं तर वाचणारं हेड जातं.

स्मार्टच्या अहवालात काय बघायचं?

स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद. तिच्यातले ५, १९७ आणि १९८ हे क्रमांक. पाचवर बदली दिलेल्या सेक्टरांची संख्या, १९७ वर अडून राहिलेले, १९८ वर न वाचता आलेले. १९९ वाढलेला असेल तर आधी केबल बदलून बघा. तो आकडा तारेवरच्या चुकांचा असतो, डिस्कच्या तब्येतीचा नाही. आणि 'पास्ड' या शब्दावर भरवसा ठेवू नका.

आधीच बाहेर पडलेली जुनी डिस्क कुठली, हे कसं ओळखायचं?

या प्रश्नावर सगळं अवलंबून असतं, म्हणून इथे थोडं थांबतो. रेड ५ मधल्या दोन बाद डिस्कांपैकी एक काल गेली आणि दुसरी तीन महिन्यांपूर्वी. कालची आणि बाकीच्या निरोगी, एवढ्या घेऊन ॲरे जुळवला तर डेटा कालपर्यंतचा मिळतो. जुनी घेऊन जुळवला तर काही तुकडे कालचे आणि काही तीन महिन्यांपूर्वीचे. फोल्डर दिसतात, नावं दिसतात, पण फायली आतून फाटलेल्या.

लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये प्रत्येक डिस्कवर एक इव्हेंट काउंट, म्हणजे ॲरेतल्या बदलांसोबत वाढणारा आकडा, असतो. एमडीएडीएम या लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या साधनाच्या एक्झामिन आज्ञेने तो दिसतो, शेवटच्या नोंदीची तारीखही दिसते, आणि ही आज्ञा फक्त वाचते. ज्या डिस्कचा आकडा फार मागे, ती जुनी. थोड्याच अंकांचा फरक असेल तर सक्तीने जुळवणी सहसा यशस्वी होते, अर्थात प्रतींवर.

अशी नोंद नसेल तर डेटालाच विचारावं लागतं. चार डिस्कच्या एका ॲरेत मी सर्व्हरची लॉग फाइल उघडली. ६४ किलोबाइटपर्यंत ओळी नीट, तारखा ओळीने. मग अचानक एका फोटोचा मधलाच तुकडा. तो संपला की पुन्हा लॉगच्या ओळी, पण मधल्या काही तासांच्या नोंदी गायब. लॉग लिहिला गेला तेव्हा ती डिस्क ॲरेत नव्हतीच, त्यामुळे तिच्या वाट्याच्या जागेवर त्याआधी पुसलेला फोटो तसाच राहिला होता. ती डिस्क बाजूला काढली, तिचा वाटा पॅरिटीवरून काढला, आणि त्याच जागी हरवलेल्या तासांच्या ओळी आल्या. या ॲरेवर आधी एकाने जुनी डिस्क धरून फाइल सिस्टिम दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता. सुदैवाने प्रती काढून ठेवलेल्या होत्या.

कंट्रोलर कार्ड जळलं. डिस्क ठीक आहेत. काय करू?

हा त्यातल्या त्यात बरा प्रसंग आहे. ॲरेची मांडणी बहुतेक कंट्रोलर डिस्कवरच, अनेकदा शेवटच्या भागात, लिहून ठेवतात. त्याच कुळातलं दुसरं कार्ड लावलं तर ते 'फॉरिन कॉन्फिगरेशन सापडलं' असं म्हणतं आणि इम्पोर्ट की क्लिअर असं विचारतं. क्लिअर म्हणजे मांडणीची नोंद पुसणं. आधी मोडकी डिस्क जोडलेली नाही ना, सगळ्या डिस्क दिसतात ना, हे बघून मगच इम्पोर्ट. माझ्या मते त्याच्याही आधी डिस्क साध्या पोर्टला लावून प्रती काढाव्यात आणि ॲरे सॉफ्टवेअरमध्ये जुळवावा. आर-स्टुडिओ, यूएफएस एक्सप्लोरर यांसारखी साधनं बऱ्याच कंट्रोलरांची नोंद ओळखतात, आणि तिथे चुकलं तरी काही लिहिलं जात नाही.

घरगुती नॅसच्या डब्याचा पॉवर सप्लाय किंवा बोर्ड गेला असेल, तर हेही जाणून घ्या की असे बरेच डबे आतून लिनक्सच असतात. डिस्क संगणकाला लावून, फक्त वाचण्यापुरता जोडलेला ॲरे पुष्कळदा सरळ उघडतो.

डिस्कचा क्रम विसरलो आणि मांडणीची नोंदही गेली आहे. आता?

क्रम शोधता येतो, आणि खरं सांगायचं तर या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलची एक नोंद असते, सहसा १ किलोबाइटची. तिच्या सुरुवातीला 'फाइल' हा शब्द रोमन लिपीत लिहिलेला असतो आणि आत नोंदीचा अनुक्रमांक असतो. चंक ६४ किलोबाइटचा असेल, तर एका डिस्कवर सलग ६४ नोंदी सापडतात आणि मग आकडा उडी मारतो. चार डिस्कच्या ॲरेत एका फेरीत मला एका डिस्कवर १२८० ते १३४३ दिसतात, दुसरीवर १३४४ ते १४०७, तिसरीवर १४०८ ते १४७१. चंकचं माप कळलं, क्रमही कळला. मग चौथीवर पॅरिटी असायला हवी. तिथे बघावं तर 'फाइल' हा शब्द आहे आणि आकडे आहेत १४७२ ते १५३५!

नवा माणूस इथे फसतो. त्याला वाटतं हा पुढचा डेटा आहे आणि ॲरेत पॅरिटीच नाही, म्हणजे रेड ०. पण तीन सारख्या अक्षरांचा एक्सओआर केला की तेच अक्षर उरतं, म्हणून पॅरिटीतही 'फाइल' हा शब्द उमटतो, आणि १२८०, १३४४ व १४०८ यांचा एक्सओआर नेमका १४७२ येतो. खरी १४७२ वी नोंद पुढच्या फेरीत असते. दोन्ही उघडून बघायच्या: जिच्यात फाइलचं नाव वाचता येतं ती खरी, जिच्यात नावाच्या जागी कचरा ती पॅरिटी. पाच डिस्क असत्या तर फेरीत डेटाचे तुकडे चार झाले असते, सम संख्येमुळे तो शब्द पॅरिटीत शून्य झाला असता आणि हा घोळच झाला नसता.

फोटोंवरूनही खात्री करता येते. चंकपेक्षा मोठा फोटो उघडून बघायचा. वरची पट्टी स्वच्छ आणि खाली रंगांचा चिखल असेल तर क्रम अजून चुकलेला आहे. छोट्या फायलींवर विसंबू नका. त्या एकाच चंकमध्ये मावतात, म्हणून चुकीच्या क्रमातही नीट उघडतात.

घाईत लिनक्सवर ॲरे नव्याने तयार केला. सगळं पुसलं गेलं का?

बहुतेक नाही. 'क्रिएट' ही आज्ञा डिस्कच्या सुरुवातीजवळ स्वतःची नवी नोंद लिहिते आणि जुनी नोंद जाते. हे नुकसानच आहे, पण डेटा त्याच्या जागी असतो. त्यानंतर रेड ५ मध्ये एका डिस्कवर रीबिल्ड सुरू होतो. इथे एक दिलासा आहे: एक्सओआरला क्रमाशी काही देणंघेणं नाही. सगळ्या डिस्क ताज्या होत्या, डेटाची सुरुवातीची जागा तीच राहिली, तर क्रम चुकला असला तरी त्या डिस्कवर लिहिले जाणारे बिट पूर्वीचेच असतात. जागा बदलली किंवा जुनी डिस्क त्यात होती, तर मात्र त्या एका डिस्कवरचा मजकूर बिघडतो. रेड ६ मध्ये ही सूट नाही. तिथली दुसरी पॅरिटी क्रमावरच ठरते.

डेटाची सुरुवातीची जागा हाच यातला मोठा खड्डा. एमडीएडीएमच्या काही आवृत्त्या १ मेगाबाइटवरून डेटा सुरू करतात, काही १२८ मेगाबाइटवरून. चंकचं मूळ मापही आधी ६४ किलोबाइट होतं, पुढे ५१२ झालं. त्यामुळे नव्या संगणकावर तीच आज्ञा हुबेहूब दिली तरी ॲरे रिकामा दिसू शकतो. प्रयोग करायचेच असतील तर ओव्हरले लावून करा: लिहिलेलं सगळं वेगळ्या फाइलमध्ये जातं आणि खालच्या डिस्कला धक्का लागत नाही.

खरा घात त्यापुढच्या पायरीत होतो. रिकाम्या दिसणाऱ्या ॲरेवर कुणीतरी फॉरमॅट करतं. तेवढं टाळलं असेल तर आशा भरपूर आहे.

डिस्कमधून टकटक असा आवाज येतो.

वीज लगेच बंद करा. वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते बिघडून घासायला लागलं की प्रत्येक फेऱ्यात डेटाचा थर खरवडला जातो. अशी डिस्क घरी उघडू नका. हे काम आयएसओ ५ दर्जाच्या स्वच्छ हवेत करतात, जिथे एका घनमीटरमध्ये अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त नसतात. तुमच्या-माझ्या खोलीत ते लाखोंनी असतात.

फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला ऐकू नका, आत दव जमतं. तशाच डिस्कचा हिरवा बोर्ड काढून लावायचा सल्लाही आता चालत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळवणी त्या बोर्डवरच्या छोट्या चिपमध्ये साठवलेली असते आणि ती चिप हलवावी लागते.

रेड ५ किंवा ६ असेल तर आधी बाकीच्या डिस्कांच्या प्रती घ्या. पुष्कळदा टकटक करणाऱ्या डिस्कची गरजच पडत नाही.

ॲरे एसएसडीचा आहे. काही वेगळं?

हो, आणि बातमी फारशी चांगली नाही. पुसलेल्या फायलींच्या जागा ट्रिममुळे (या जागा आता रिकाम्या, असं एसएसडीला कळवणारी आज्ञा) काही वेळातच शून्य वाचल्या जातात. चुकून फॉरमॅट झालं आणि ट्रिम पोहोचलं, तर कुठल्याही प्रयोगशाळेला सहसा काही करता येत नाही. एसएसडी जाते तेव्हा आवाज न करता, एकदम जाते. एकाच ॲरेतल्या सगळ्या सारख्याच झिजलेल्या असतात, हेही आहेच.

झेडएफएस किंवा बीटीआरएफएस असेल तर?

या दोन फाइल सिस्टिम रेडचं कामही स्वतःच करतात. साधी रेड साधनं झेडएफएसच्या रेडझेड या प्रकारावर चालत नाहीत, कारण तिथे पट्टीची रुंदी दर लिखाणाला बदलते. पूल, म्हणजे झेडएफएसने एकत्र केलेला डिस्कचा साठा, उघडत नसेल तर पहिला प्रयत्न फक्त वाचण्यापुरता इम्पोर्ट करण्याचा. मोठ्या एफ पर्यायाने शेवटचे काही व्यवहार सोडून मागच्या चांगल्या स्थितीला जाता येतं, पण तेही प्रतींवर. झेडएफएसचा मोठा गुण हा की प्रत्येक तुकड्याची चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, असते. जे मिळालं ते बरोबर आहे की नाही, हे तो स्वतः सांगतो. बीटीआरएफएसमध्ये रीस्टोर हे उपसाधन मूळ डिस्कला न शिवता फायली बाहेर काढतं. दुरुस्तीचा पर्याय अगदी शेवटी.

डेटा एनक्रिप्टेड होता.

किल्ली किंवा पासफ्रेज असेल तर अडचण नाही, एक पायरी वाढते. लिनक्सच्या लक्स या एनक्रिप्शनमध्ये मात्र किल्लीचा भाग अगदी सुरुवातीच्या काही मेगाबाइटमध्ये असतो. तेवढाच भाग गेला तर पासफ्रेज पाठ असूनही उपयोग नाही. त्या भागाची प्रत वेगळी काढून ठेवता येते. ज्यांचा ॲरे आज नीट चालू आहे त्यांनी ती आजच काढावी.

बाहेर काम द्यायचं तर काय विचारू?

पहिला प्रश्न: मूळ डिस्कवर काम करणार की प्रतींवर? 'प्रतींवर' असं ठाम उत्तर आलं नाही तर डिस्क परत घ्या. फायलींची यादी आणि काही नमुना फायली पैसे देण्याआधी दाखवणार का? डिस्क उघडावी लागली तर स्वच्छ खोली त्यांची स्वतःची आहे का? न बघता यशाची टक्केवारी सांगणाऱ्यापासून लांब राहा.

तुमच्याकडूनही सगळं खरं सांगा. कुठली डिस्क कधी काढली, काय दाबलं, कोणी काय चालवलं. माझ्याकडे एकदा ॲरे आला आणि 'कुणी हात लावला नाही' असं सांगितलं गेलं. चार दिवस आकडे जुळेनात. शेवटी कळलं की दोन डिस्कांची अदलाबदल करून रीबिल्ड अर्धा चालवला होता. म्हणजे एका डिस्कचा पहिला भाग एका नियमाने आणि उरलेला दुसऱ्या नियमाने वाचायला हवा होता. ते पहिल्या दिवशी कळलं असतं तर काम दुसऱ्या दिवशी संपलं असतं. चूक कुणाची हे मी कधी विचारत नाही, फक्त क्रम विचारतो.

परत मिळालेला डेटा खरा आहे हे कसं तपासू?

फोल्डरची यादी बघून समाधान मानू नका. मोठ्या फायली उघडा: व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा, झिप फाइलला तिची स्वतःची चाचणी लावा, डेटाबेसची अंतर्गत तपासणी चालवा. सगळ्यात अलीकडच्या फायली आवर्जून बघा, कारण जुनी डिस्क चुकून घेतली असेल तर ती तिथेच उघडी पडते. आणि हे सगळं होईपर्यंत जुन्या डिस्क पुन्हा वापरात घेऊ नका. महिनाभर तरी त्या चिकटपट्टीसह कपाटात राहू द्या.

पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे तुम्ही आधीही ऐकलं असेल. कारण साधं आहे: चुकून पुसलेली फाइल किंवा रॅन्समवेअरने बिघडवलेली फाइल रेड सगळ्या डिस्कवर तितक्याच तत्परतेने लिहितो. तेव्हा वेगळी प्रत हवी, त्यातली एक दुसऱ्या जागी, आणि एक अशी की सर्व्हरवरून ती पुसता येणार नाही.

ॲरेची स्क्रब किंवा पॅरिटी तपासणी महिन्यातून एकदा लावा, म्हणजे दडलेले सेक्टर रीबिल्डच्या आधीच सापडतात. डिस्क वेगवेगळ्या बॅचच्या घ्या. मोठ्या डिस्कांना रेड ५ ऐवजी रेड ६ निवडा. नॅससाठी घेताना डिस्क एसएमआर प्रकारची (डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) नाही ना हे बघा. तशा डिस्कवर रीबिल्ड फार रेंगाळतो.

इशाऱ्याचा मेल आज कोणाकडे जातो तेही उघडून बघा. चाचणीचा मेल पाठवा आणि तो त्या माणसाच्या फोनवर आला का, हे त्याला विचारून घ्या.